'बरी झाली' या शेऱ्यानंतर : 'धिस वे अप' ही मालिका आणि घरी परतलेल्यांचा इतिहास

१/
एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील मनोरुग्णालयांच्या नोंदवह्यांत रुग्णाच्या नावापुढचा शेवटचा रकाना फार छोटा असे. तिथे सहसा चारपैकी एक शेरा पडे : बरा झाला, सुधारणा झाली, सुधारणा नाही, मृत. शेरा पडला की पान उलटे. 'बरी झाली' असे लिहून जिला फाटकाबाहेर सोडले, तिचे त्या संध्याकाळी काय झाले, हे ती नोंदवही सांगत नाही. हा थ्रेड त्या संध्याकाळपासून पुढच्या काळाविषयी आहे आणि त्याची सुरुवात एका दूरचित्रवाणी मालिकेपासून करायची आहे.

२/
मालिकेचे नाव 'धिस वे अप'. ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवर तिचे पहिले पर्व ऑगस्ट २०१९ मध्ये आले, दुसरे २०२१ मध्ये. दोन्ही पर्वे सहा-सहा भागांची. लेखिका आणि नायिका एकच : आयरिश विनोदकार ॲशलिंग बी. या कामासाठी त्यांना २०२० मध्ये बाफ्टाचा नवोदित प्रतिभेचा पुरस्कार मिळाला. नायिकेच्या थोरल्या बहिणीची भूमिका शॅरन हॉर्गन यांनी केली आहे.

३/
ऑन्या ही लंडनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारी आयरिश तरुणी. तिचे मन कोलमडले होते आणि ती उपचारकेंद्रात राहून आली आहे. पहिल्याच प्रसंगात बहीण शोना तिला न्यायला आलेली दिसते. म्हणजे इतर कथा जिथे संपतात, तिथे ही सुरू होते. पुढे जे घडते ते वरवर पाहता किरकोळ आहे : नोकरी, भाड्याचे घर, फोन, एकटेपणा, आणि आई वारल्यामुळे फ्रान्समधून वडिलांकडे आलेल्या एतिएन नावाच्या मुलाची शिकवणी. मोठा झटका नाही, मोठा चमत्कारही नाही.

४/
'धिस वे अप' ही खोक्यांवर छापलेली सूचना : ही बाजू वर ठेवा. आत नाजूक वस्तू असली की ती हमखास दिसते. मात्र ही सूचना त्या वस्तूसाठी नसते; ती उचलणाऱ्या हमालासाठी असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने धरून ठेवावा असा प्रश्न या शीर्षकातच आहे. कोलमडून सावरू पाहणाऱ्या माणसाला आजवर उचलून धरले कोणी? कुटुंबाने, धर्मादाय संस्थांनी की राज्यसंस्थेने?

५/
आधी एका शब्दाविषयी. 'नर्व्हस ब्रेकडाउन' हे वैद्यकशास्त्रातील अधिकृत निदान कधीच नव्हते. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, ही कल्पना मांडली आणि ती लोकप्रिय केली. त्या सुमारास यंत्रयुग ऐन भरात होते. इंजिन बंद पडते तसे माणसाचे मज्जातंतूही बंद पडतात, ही कल्पना लोकांना पटण्यासारखी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द घराघरांत पोहोचला. त्याची एक सोय होती : 'वेड' म्हटले की माणसाकडे कायमची पाठ फिरवली जाई, पण बंद पडलेले यंत्र दुरुस्त होऊ शकते. परत येण्याची शक्यता त्या शब्दातच होती.

६/
आता मागे, १७९६ मध्ये जाऊ. त्या वर्षी इंग्लंडच्या यॉर्क शहरात 'द रिट्रीट' ही संस्था सुरू झाली. क्वेकर पंथीय व्यापारी विल्यम ट्यूक यांनी ती उभारली. साखळदंडांऐवजी सौजन्य, काम, बागेतला फेरफटका आणि घरासारखे वातावरण हे तिचे सूत्र होते. मनोरुग्णांच्या उपचारांच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे पान मिळते, आणि ते रास्तही आहे. पण त्याच वर्षी लंडनमध्ये एका भावाने आपल्या बहिणीसाठी जे केले, ते उपचारांच्या इतिहासात सहसा येत नाही. ते साहित्याच्या इतिहासात येते.

७/
'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर' हे पुस्तक (१८०७) आपल्यापैकी अनेकांनी शाळेत किंवा महाविद्यालयात पाहिले असेल. लेखक : चार्ल्स आणि मेरी लॅम. सप्टेंबर १७९६ मध्ये मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत मेरीच्या हातून आईचा मृत्यू झाला. चौकशीत तिच्या आजाराची दखल घेतली गेली आणि तिला खासगी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. पुढे चार्ल्सने तिची आयुष्यभराची जबाबदारी स्वीकारली, म्हणून ती बाहेर राहू शकली. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस होते. आदल्याच वर्षीच्या अखेरीस तो स्वतः सुमारे सहा आठवडे हॉक्स्टन येथील मनोरुग्णालयात राहून आलेला होता.

८/
पुढची जवळजवळ चार दशके ही भावंडे एकत्र राहिली. मेरीचा आजार अधूनमधून उलटे. चाहूल लागली की दोघे मिळून रुग्णालयाकडे चालत जात. रडत रडत जाणाऱ्या या भावंडांना पाहिल्याची आठवण त्यांच्या परिचितांनी नोंदवून ठेवली आहे. ती बरी झाली की पुन्हा घरी. या येण्याजाण्याच्या मधल्या काळात त्यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिली, मित्रांच्या मैफली भरवल्या, वाद घातले. चार्ल्सने लग्न केले नाही. १८३४ मध्ये तो वारला. मेरी १८४७ पर्यंत जगली.

९/
हा संसार चालत होता कशावर? चार्ल्स लॅम १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षे लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये कारकून होता. हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाचे हिशेब लिहून मिळणारा पगार बहिणीच्या आजारपणाला पुरत होता. कंपनीच्या इतिहासात आपण लढाया, तह आणि महसूल वाचतो. त्याच कंपनीच्या एका कारकुनाच्या मेजावरून एका आजारी स्त्रीचे परतणे शक्य झाले, हीदेखील त्याच इतिहासाची एक बाजू आहे.

१०/
'धिस वे अप'मधील शोनाकडे पाहताना चार्ल्सची आठवण होते. ती कमावती आहे, तिचा व्हिश नावाचा प्रियकर आहे (ही भूमिका मुंबईत जन्मलेल्या आसिफ मांडवी यांची), स्वतःच्या आयुष्याचे प्रश्न आहेत. तरी तिचा एक डोळा सतत धाकटीवर असतो. तिचे प्रेम आणि तिची पाळत यांत फरक करणे कठीण होऊन बसते. ऑन्याला त्या नजरेचा आधारही वाटतो आणि जाचही होतो. सांभाळणाऱ्याची दमणूक दाखवायला मालिका कचरत नाही. १७९६ च्या कागदपत्रांत चार्ल्सची जबाबदारी दिसते. त्याची दमणूक मात्र त्याच्या पत्रांतच शोधावी लागते.

११/
ज्यांना भाऊ नव्हता, बहीण नव्हती, त्यांचे काय? १८४५ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील प्रत्येक काउंटीला गरीब मनोरुग्णांसाठी रुग्णालय उभारणे बंधनकारक झाले. त्या लाटेत लंडनच्या उत्तरेला कोल्नी हॅच येथे प्रचंड रुग्णालय उभे राहिले. १८४९ मध्ये प्रिन्स अल्बर्ट यांनी त्याची कोनशिला बसवली आणि १८५१ मध्ये ते उघडले. लांबच लांब व्हरांडे, स्वतःची शेती, स्वतःचे चर्च. आत येण्याची व्यवस्था चोख होती. बाहेर पडणाऱ्यासाठी व्यवस्था नव्हती.

१२/
ही उणीव ज्याला टोचली तो डॉक्टर नव्हता. रेव्हरंड हेन्री हॉकिन्स हे कोल्नी हॅचचे धर्मोपदेशक. रुग्णांशी ते रोज बोलत. बऱ्या झालेल्या पण निराधार असलेल्या स्त्रिया थेट रस्त्यावर किंवा वर्कहाउसमध्ये जातात आणि पुन्हा कोलमडून परत येतात, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. १८७१ मध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी मधल्या मुक्कामाची घरे असावीत, असे आवाहन करणारा लेख प्रसिद्ध केला. १८७९ मध्ये त्यातून एक संस्था उभी राहिली. रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या गरीब, एकाकी स्त्रियांसाठी 'आफ्टरकेअर', म्हणजे नंतरची देखभाल, हे तिचे काम.

१३/
'आफ्टरकेअर' हा शब्द आज रुळला आहे, पण तेव्हा तो विचार नवा होता. संस्था काय देई? काही आठवडे एखाद्या घरात विश्रांती, अंगावर धड कपडे, थोडे पैसे आणि मुख्य म्हणजे नोकरी. सुरुवात स्त्रियांपासून का, हे समजणे अवघड नाही. घरकामाच्या नोकरीसाठी आधीच्या मालकिणीचे शिफारसपत्र लागे. मधली काही वर्षे रुग्णालयात गेलेली बाई ते आणणार कुठून? संस्था तिच्या बाजूने उभी राही. मनाच्या दुखण्यावरच्या उपायांत शिफारसपत्रालाही जागा आहे, हे हॉकिन्स यांनी ओळखले होते. ती संस्था नाव बदलून आजही काम करते.

१४/
राज्यसंस्था या कामात उशिरा आली. १९३० च्या कायद्याने रुग्णाला स्वेच्छेने दाखल होण्याची मुभा दिली, 'असायलम' हा शब्द कायद्यातून काढला आणि नंतरच्या देखभालीवर खर्च करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. अधिकार दिला, सक्ती नव्हती. कायद्याने सक्तीने दाखल केलेल्या विशिष्ट रुग्णांना बाहेर पडल्यावर देखभाल पुरवणे हे सरकारी यंत्रणांचे कर्तव्य ठरले, ते १९८३ च्या कायद्याच्या कलम ११७ ने. हॉकिन्स यांच्या संस्थेपासून मोजले तर १०४ वर्षांनी.

१५/
दरम्यान खाटांची संख्या फुगत गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंड-वेल्सच्या मनोरुग्णालयांत जवळपास दीड लाख माणसे होती. मार्च १९६१ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी एका भाषणात पंधरा वर्षांत या खाटा निम्म्यावर आणण्याचे भाकीत केले. माळरानावर उभ्या असलेल्या या रुग्णालयांच्या पाण्याच्या टाक्यांचे त्यांनी जे वर्णन केले, त्यावरून ते भाषण 'वॉटर टॉवर भाषण' म्हणून ओळखले जाते. रुग्णालये बंद व्हायला पुढे तीन दशके लागली. कोल्नी हॅच, म्हणजेच नंतरचे फ्रायर्न हॉस्पिटल, १९९३ मध्ये बंद झाले. आज त्या इमारतीत आलिशान सदनिका आहेत.

१६/
आता दूरचित्रवाणीकडे परत येऊ, कारण या धोरणबदलाची सावली पडद्यावरही पडलेली दिसते. १९७६ मध्ये बीबीसीवर 'द फॉल अँड राइज ऑफ रेजिनल्ड पेरिन' ही डेव्हिड नॉब्स यांची विनोदी मालिका आली. गोडधोड बनवणाऱ्या कंपनीतला मध्यमवयीन अधिकारी कंटाळून कोलमडतो, समुद्रकिनारी कपडे ठेवून नाहीसा होतो आणि वेषांतर करून स्वतःच्याच बायकोकडे परत येतो. इथे रुग्णालय नाही, निदान नाही. आहे ती फक्त नोकरी आणि तिचा तुटेपर्यंतचा ताण. शेवटच्या पर्वात तर पेरिन कोलमडलेल्या मध्यमवर्गीयांसाठी एक वसाहतच काढतो. हॉकिन्स यांच्या घरांची ही विनोदी नातवंडे म्हणावीत.

१७/
१९९४. बीबीसी स्कॉटलंडची 'टेकिंग ओव्हर द असायलम'. लेखिका डोना फ्रान्सेशिल्ड. ग्लासगोतील मनोरुग्णालयात रुग्णालयापुरते चालणारे रेडिओ केंद्र, तिथे हौसेने निवेदन करणारा खिडक्यांचा विक्रेता आणि रुग्ण. तरुण डेव्हिड टेनंट यांची ही गाजलेली भूमिका. इथे कॅमेरा रुग्णालयाच्या आत आहे आणि तोही नेमका अशी रुग्णालये एकामागून एक बंद होत असताना. 'बाहेर आपल्याला कोण घेईल?' ही धास्ती सगळ्या विनोदाखाली वाहते.

१८/
२०१३. ई-फोर वाहिनीवर 'माय मॅड फॅट डायरी'. काळ १९९६ चा, गाव लिंकनशरमधील स्टॅमफर्ड. सोळा वर्षांची रे चार महिने मनोरुग्णालयात राहून बाहेर पडते आणि मैत्रिणीला सांगते की ती फ्रान्सला गेली होती. इथे कॅमेरा फाटकापाशी येऊन उभा राहतो. परतलेल्या माणसाला पहिले काम करावे लागते ते मधल्या महिन्यांचा हिशेब देण्याचे. शिफारसपत्र नसलेली हॉकिन्स यांच्या काळातील मोलकरीण आणि ही शाळकरी मुलगी एकाच अडचणीत आहेत.

१९/
आणि २०१९ मध्ये 'धिस वे अप'. आता कॅमेरा पहिल्या प्रसंगानंतर उपचारकेंद्र मागे सोडतो. उरते ते स्वयंपाकघर, बस, वर्गखोली. कायदा बदलला म्हणून पटकथा बदलली, असे सरळ समीकरण कोणी मांडू नये. पण ज्या समाजात मनोरुग्णालयाच्या भिंती पडल्या, त्याच्या गोष्टींनाही त्या भिंतींबाहेर यावे लागले, इतके निश्चित म्हणता येते. आजार घरात आला, तशी मालिकाही घरात आली.

२०/
ऑन्या आयरिश आहे, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही. १९५० च्या दशकात छोट्याशा आयर्लंडमधील मनोरुग्णालयांत वीस हजारांहून अधिक माणसे होती. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण जगात सर्वाधिक गणले जाई. त्यांतील सगळेच आजारी नव्हते. वारसाहक्काचे तंटे, गरिबी, नकोशी झालेली नाती अशा अनेक वाटा त्या फाटकापर्यंत जात. आत गेलेल्याचे नाव घरात काढायचे नाही, ही सवय त्या समाजात मुरली. शोना आणि ऑन्या सतत बोलतात, थट्टा करतात, पण नेमक्या प्रसंगाविषयी बोलायची वेळ आली की विषय बदलतात. ते मौन या इतिहासातून आलेले आहे.

२१/
ॲशलिंग बी तीन वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. ही गोष्ट त्यांनी स्वतः २०१७ मध्ये एका लेखात जाहीरपणे लिहिली आहे. बी यांचा जन्म १९८४ चा. म्हणजे ज्या वर्षी हे घडले, त्या वर्षी आयर्लंडच्या कायद्यात आत्महत्या हा गुन्हा होता. तो रद्द झाला १९९३ मध्ये. इंग्लंडने तो १९६१ मध्येच रद्द केला होता. कायदा ज्याला गुन्हा म्हणतो, त्याविषयी कुटुंब मोकळेपणी कसे बोलणार?

२२/
इथे आपलाही संबंध येतो. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत कलम ३०९ घालून आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला. ज्यांनी तो कायदा दिला, त्यांनी १९६१ मध्ये स्वतःच्या देशात त्यातून सुटका करून घेतली. आपण तो पुढेही जपला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता शासनाने तिची काळजी घ्यावी, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती तरतूद तेवढी राहिली आहे.

२३/
परतीच्या वाटेविषयी आपला कायदा काय म्हणतो, तेही पाहावे. त्याच २०१७ च्या कायद्याचे कलम १९ : केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही, या कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. असे कलम लिहावे लागले, कारण बरी झालेली पण न्यायला कोणी न आलेली माणसे खरोखरच आत राहत होती. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ब्रिटिश काळातली. त्यांचा इतिहास लिहिताना इमारतींबरोबर फाटकावरच्या प्रतीक्षेचाही लिहावा लागेल.

२४/
मग एवढ्या गंभीर विषयाला विनोद कशाला? एक कारण ऐतिहासिक आहे. शोकांतिकेला शेवट लागतो : मृत्यू, वेड, पडदा. परतलेल्या माणसाच्या आयुष्याला तसा शेवट नसतो. उद्या पुन्हा कामावर जायचे असते. रोज थोडे घसरणे आणि रोज उठून बसणे हा विनोदाचा जुना साचा आहे. चार्ल्स लॅम आपल्या कोट्यांसाठी मित्रमंडळीत प्रसिद्ध होता, हा योगायोग नसावा. ऑन्याही अखंड विनोद करते. मात्र मालिका एवढ्यावर थांबत नाही : ती हसवते तेव्हा ती बरी आहे की लपवते आहे, हे बहिणीलाही कळत नाही, आणि आपल्यालाही.

२५/
मालिकेची मर्यादाही सांगायला हवी. ऑन्याला शोना आहे, आणि शोनाकडे पैसा आहे. हॉकिन्स यांच्या स्त्रियांकडे दोन्ही नव्हते. पण याच मालिकेत ऑन्याच्या वर्गात परक्या देशातून आलेले विद्यार्थी बसतात आणि ती त्यांना रोजच्या व्यवहाराची भाषा शिकवते. त्यांनाही मोडलेली घडी नव्या गावात पुन्हा बसवायची आहे. सावरण्यासाठी औषधाइतकीच नोकरी, घर आणि आपल्याला नावाने हाक मारणारी चार माणसे लागतात, हे १८७९ मध्ये एका धर्मोपदेशकाने सांगितले होते. ही मालिका तेच निराळ्या रीतीने सांगते.

२६/
आपल्यापैकी कोणी पुढे रुग्णालयांची, तुरुंगांची किंवा अनाथालयांची दप्तरे वाचणार असेल, तर शेवटच्या रकान्यातील शेऱ्यावर थांबू नये. पत्रे, धर्मादाय संस्थांचे अहवाल, पगारपत्रके, भाडेपावत्या धुंडाळाव्यात. चार्ल्सचा पगार आणि हॉकिन्स यांच्या संस्थेने मिळवून दिलेल्या नोकऱ्या वैद्यकीय दप्तरात सापडत नाहीत. बरे होण्याचा इतिहास बहुधा अशाच दुसऱ्या कागदांत विखुरलेला असतो.

२७/
आणि एक इतिहासाबाहेरची गोष्ट. हे वाचताना स्वतःविषयी किंवा जवळच्या कोणाविषयी काळजी वाटली असेल, तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. थ्रेड इथे संपतो. आपल्या गावच्या जुन्या रुग्णालयाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल, तर नावे न घेता खाली अवश्य लिहा.